फक्त मांडणी बदलली

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, ऑफिसातल्या कुणाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच... आता तोच राहिला नाही. सात वर्षांपूर्वी हिंगणघाटकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर एकोणीस शेतकऱ्यांचे नंबर एका दिवसात रद्द झाले. कॉम्प्युटरच्या प्रोग्राममधल्या चुकीमुळे झाले, आणि ती चूक प्रभाकर येळणेची आहे असं सगळे मानतात. ती त्याची नव्हती. माझी होती.

प्रभाकर गेल्याचं मला त्याच्या मुलीनं कळवलं, त्याला आता पाच आठवडे झाले. मी पिपरी मेघेतल्या आमच्या ऑफिसात नुकताच येऊन बसलो होतो. "काका, मी समीक्षा. बाबा गेले सकाळी," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं तिच्या मामानं फोन घेऊन सांगितलं. वांग्याला पाणी देता देता त्याच्या छातीत कळ आली, म्हणून तो बांधावर बसला, आणि हिंगणघाटच्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. शेचाळीस वर्षांचा होता. फोन ठेवल्यावर माझ्या मनात जे पहिलं आलं ते दुःख नव्हतं. पहिलं आलं ते असं की, आता ते माहीत असणारं माझ्याशिवाय कुणी नाही. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. दुःख त्याच्या मागून आलं, आणि त्याच्याही मागून स्वतःची किळस.

आमचं ऑफिस म्हणजे एका घराचा वरचा मजला. सात-आठ माणसं, आणि जिनिंगला, बाजार समितीला, गोदामांना लागणारे लहानसहान प्रोग्राम बनवण्याचं काम. प्रभाकर वेणा नदीच्या काठच्या गावाहून रोज एसटीनं यायचा. घरी भाजीपाल्याची शेती. वांगी, भेंडी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. त्यामुळे सकाळी बाजाराचा माल भरून देऊन मगच तो निघायचा आणि त्याच्या शर्टाला सांभाराचा वास असायचा. मी त्याच्याहून थोडा मोठा, हुद्द्यानंही वरचा. पण पहिल्या दिवसापासून तो मला भाऊ म्हणाला. सर हा शब्द त्याच्या तोंडी कधी बसला नाही. तो बोलायचा कमी आणि विचारायचा फार. हे असंच काऊन? ते तसं काऊन नाई? त्याच्या प्रश्नांनी आमचे मालक वैतागायचे. म्हणायचे, याला काम देण्यापेक्षा याची उत्तरं देण्यात जास्त दिवस जातो.

त्या जिनिंगचं काम आलं तेव्हा साधंच वाटलं होतं. कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांना फाटकावर नंबर द्यायचे आणि त्या नंबरानं आत सोडायचं. मी म्हटलं, दोन दिवसांचं काम आहे, आधी आला तो आधी आत. प्रभाकरनं वही उचलली. तो आठ दिवस त्या फाटकावर जाऊन बसला, चौकीदाराशेजारी एक खोकं पालथं घालून. परत आला तो वहीभर नियम घेऊन. बैलबंड्यांना ट्रॅक्टरच्या आधी सोडतात, कारण बैल उन्हात उभे राहतात. एकाच ट्रॉलीत चार घरचा कापूस असला तर नंबर एक, पण वजनं चार. कापसात ओल जास्त निघाली तर गाडी बाजूला काढून कापूस ताडपत्रीवर वाळवायला सांगतात, आणि त्याच दिवशी वाळवून आणला तर त्याचा जुना नंबर कायम राहतो. मालच नापसंत होऊन गाडी घरी गेली तर मात्र नंबर रद्द. असं बरंच काही होतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं, चौकीदाराच्या डोक्यात होतं आणि लोकांच्या सवयीत होतं. प्रभाकरनं ते सगळं एका लांबलचक तुकड्यात लिहून काढलं... असं असेल तर हे, नाहीतर ते, त्यातही तसं असेल तर आणखी वेगळं. पाहायला तो तुकडा भयंकर होता. पण चालायचा अचूक. दोन हंगाम एकही तक्रार आली नाही.

नंतर नागपूरची एक मोठी कंपनी आमच्याकडून काम करून घ्यायला तयार झाली. त्यांची अट अशी की आमचा सगळा कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतून पास झाला पाहिजे. ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही तपासणी दोन गोष्टी बघते. एक म्हणजे मांडणी: ओळ फार लांब नाही ना, मोकळी जागा ठरल्याप्रमाणे सोडली आहे ना, वगैरे. दुसरी म्हणजे गुंता. प्रोग्रामात जिथं जिथं 'असं असेल तर' येतं तिथं एक वाट फुटते. त्या वाटा ती मोजते, आणि एका तुकड्यात दहाच्या वर गेल्या की समोर लाल अक्षरं. गुंता जितका जास्त तितकी पुढच्या माणसाची चूक होण्याची शक्यता जास्त, असा त्यामागचा विचार, आणि तो खोटा नाही. ती यंत्रणा मीच आणली, मीच बसवली, आणि मला तिचा अभिमानही वाटायला लागला. सकाळी आल्याबरोबर कुणाचं किती लाल आहे ते मी भिंतीवरच्या स्क्रीनवर लावायचो.

प्रभाकरला ती आवडायची, हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर असं पसरलं की तो नव्या पद्धतीच्या विरोधात होता. तो चेष्टा करायचा एवढंच. "भाऊ, आमच्या शाळेत एक बाई होत्या," तो एकदा म्हणाला, "गनित बरोबर आलं तरी समास सोडला नाई म्हून मार्क कापत. तुमी त्यायले रिटायर झाल्यावर नोकरीवर घेतलं का?" सगळे हसले, मीही हसलो, आणि त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत त्यानं स्वतःच्या सगळ्या फाइलींमधले समास नीट करून टाकले.

प्रश्न होता तो फाटकाच्या तुकड्याचा. त्याचा आकडा आला अडतीस. स्क्रीनवर सगळ्यात वर, सगळ्यात लाल. मी त्याला म्हटलं, हे तोडायला लागेल. तो म्हणाला, तोडूच. फक्त मले पंधरा दिवस द्या. त्याची पद्धत त्यानं मला समजावून सांगितली होती, आणि मी ती मान डोलावत ऐकली होती. आधी जुना तुकडा आज काय करतो ते एकेका नियमासाठी लिहून ठेवायचं. बंडी आली तर हे उत्तर, वाळवून आलेली गाडी आली तर हे. अशा छोट्या चाचण्या आधी करायच्या, आणि मग एका वेळी एकच फांदी कापायची. कापली की सगळ्या चाचण्या पुन्हा चालवायच्या. "तुमची मशीन वाटा किती हायेत ते सांगते, भाऊ. कोन्त्या वाटेनं कोन चालून राह्यला, ते तिले माहीत नाई," तो म्हणाला होता. मी पंधरा दिवस दिले.

आणि नवव्या दिवशी ते मोडले. प्रभाकर बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस सुट्टीवर होता. नागपूरहून फोन आला की सोमवारी पाहणी आहे, लाल काही दिसायला नको. मी त्याच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसलो, कारण अर्धवट काम त्यावर उघडंच होतं आणि ते माझ्याकडे आणण्यात वेळ गेला असता. आधी मी आपोआप मांडणी सुधारणारं साधन सगळ्या प्रोग्रामवरून फिरवलं; हजारो ओळी एका झटक्यात सरळ झाल्या. मग हातानं तो तुकडा तोडायला घेतला. त्याच्या चाचण्या निम्म्याच लिहून झाल्या होत्या. वाळवणाच्या नियमाची अजून व्हायची होती. वाळवायला काढलेली गाडी आणि नापसंत होऊन गेलेली गाडी, या दोन्हींच्या अटी जवळजवळ सारख्या दिसत होत्या. मला वाटलं, हे दोनदा लिहिलंय, उगाच. मी त्यांची एकच अट केली. अडतीसचे सहा तुकडे झाले, सगळ्यात मोठ्याचा आकडा नऊ. स्क्रीन हिरवा झाला. मी सगळं एकत्रच साठवलं आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'फक्त मांडणी बदलली.'

कॉम्प्युटर त्याचा होता, म्हणून नोंद त्याच्या नावानं झाली. तेव्हा मी हे मुद्दाम केलं नव्हतं... खरंच नव्हतं. माझ्या ध्यानातही आलं नाही. आणि हजारो ओळींत नुसत्या मोकळ्या जागा बदललेल्या असल्यावर त्यातल्या चार ओळींचा अर्थ बदललाय हे कोण शोधणार? प्रभाकर आल्यावर मी त्याला सांगितलं की यंत्राकडून मांडणी करून घेतली आणि तुकडाही जरा सुटा केला. त्यानं विचारलं, चाचण्या? मी म्हटलं, बघितलं सगळं. आणि आता सांगतोच आहे तर हेही सांगतो. पावत्या छापण्याची माझी स्वतःची एक फाइल होती, तिचा आकडा बावन्न होता. ती तपासणीतून वगळावी अशी एक ओळ मी तिच्या डोक्यावर लिहून ठेवली होती. ती स्क्रीनवर कधी आलीच नाही.

त्या हंगामात पौषातले दोन दिवस ढगाळ गेले आणि कापसानं ओल धरली. कापसाची प्रत तपासणाऱ्या ग्रेडरनं एकोणीस गाड्या वाळवायला काढल्या. त्या लोकांनी आवारात ताडपत्र्या टाकून कापूस पसरला, दुपारी गोळा करून पुन्हा फाटकावर आणला, तर मशीन म्हणे नंबर रद्द, नवा घ्या. नवा नंबर म्हणजे दोनशेच्या मागे, म्हणजे परवा. चौकीदार बदललेला होता, त्याला जुनी रीत माहीत नव्हती. तो मशीनकडे बोट दाखवायचा. संध्याकाळी पाऊस आला. एकदा वाळवलेला कापूस पुन्हा भिजला. त्या एकोणीस जणांत प्रभाकरचे चुलते होते, नामदेवकाका. सकाळपासून रांगेतल्या प्रत्येकाला ते सांगत होते की हे कॉम्प्युटर आमच्या प्रभाकरनं बनवलं. त्यामुळे संध्याकाळी लोकांना शिव्या कुणाला द्यायच्या ते शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. नागपूरचे साहेब फोनवर होते, स्पीकर चालू. चूक कुठं आहे ती ओळ प्रभाकरनंच दहा मिनिटांत शोधून काढली. साहेबांनी विचारलं, ही ओळ कुणी बदलली? मी नोंद उघडली. नाव प्रभाकर येळणे. खाली बारीक अक्षरांत तारीख; बाकीच्यांनी फक्त नाव वाचलं. प्रभाकर तारखेकडे बघत राहिला. त्या तारखेला तो मांडवात होता, आणि मी त्या लग्नाला न जाता त्याच्या खुर्चीत होतो. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही; फाटकावर बसून माणसांकडे बघायचा तसा, उत्तराची वाट बघत. मी बदलली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं मला. नागपूरचं काम मिळालं तर मी त्या ऑफिसात भागीदार होणार होतो. पण तेही कारण आता मला पुरेसं वाटत नाही. मला भीती वाटली, एवढंच खरं. शेवटी प्रभाकरच फोनकडे वाकला. "आत्ता दुरुस्त करतो, साहेब," तो म्हणाला.

त्यानं दुपारपर्यंत दुरुस्त केलं. आणि पुढच्या महिन्याभरात, कुणी सांगितलेलं नसताना, त्यानं तो सगळा तुकडा आपल्या पद्धतीनं नव्यानं बांधला. नियमांचा एक तक्ता केला. एका ओळीत एक नियम, शेजारी त्याचं कारण, आणि प्रत्येकाची चाचणी. मूळच्या वाटांपैकी एकही हरवली नाही, आणि सगळ्यात मोठ्या तुकड्याचा आकडा चार आला. माझ्या नऊपेक्षा कमी. तो तक्ता आजही त्या जिनिंगमध्ये चालतो.

ज्या दिवशी नोंद उघडली त्या दिवशी संध्याकाळी तो एसटीला जाण्याआधी मला खालच्या टपरीवर घेऊन गेला. आम्ही चहा घेतला. मग म्हणाला, "भाऊ, काई सांगाचं हाये का?"

मी म्हटलं, "नाही. काय सांगायचं?"

"नाई, असंच," तो म्हणाला, आणि ग्लास ठेवून निघून गेला.

त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही. तारीख सांगून तो कधीही मोकळा होऊ शकला असता. गावातल्या दहा माणसांना ठाऊक होतं की त्या दिवशी तो मांडवात पंगतीला वाढत होता. पण ती नोंद त्यांनी बघितली नव्हती, आणि त्यानं दाखवली नाही. हंगाम संपल्यावर त्यानं नोकरी सोडली. गावात कसं होतं ते मला दुसऱ्यांकडून कळायचं. नामदेवकाका त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा म्हणाले, "तुया कम्प्युटरनं घरच्या मानसालेच रांगीतून काढलं." नंतर लोकांचा राग गेला आणि थट्टा उरली. कुठं नंबर लावायची वेळ आली, रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, की कुणीतरी म्हणायचंच, प्रभाकरले इचारा, कोनाचा नंबर कापाचा ते. तोही हसायचा म्हणे.

मी भागीदार झालो. आठवडी बाजाराच्या दिवशी कामानं हिंगणघाटला गेलो तर त्याच्या भाजीच्या दुकानापुढून जाणं टाळायचो, आणि कधी टाळता आलं नाही तर तो हाक मारायचा. पिशवीत वांगी भरायचा, वर सांभाराची जुडी ठेवायचा आणि माझ्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायचा. शेवटची भेट तशीच झाली, गेल्या दिवाळीच्या अलीकडे. समीक्षा कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, हे सांगताना त्याचा चेहरा फुलला होता. "तिच्या कॉलेजात बी तुमची ती बाई आली, भाऊ, समास तपासनारी," म्हणाला. मी हसलो. त्या घडीला मागं कुणी गिऱ्हाईक नव्हतं, घाई नव्हती, आम्ही दोघंच होतो. मी पिशवी उचलली आणि निघालो.

तेरवीला मी गेलो होतो. जेवणं आटोपल्यावर समीक्षा माझ्याजवळ येऊन बसली. नागपूरच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे आणि महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचं आहे. ती नाही म्हणणार होती. मी कारण विचारलं. बाबा गेले, आई एकटी पडेल, असं काही सांगेल असं मला वाटलं. तेही ती म्हणाली, पण मग म्हणाली की लिहिलेलं साठवायचं तिला धाडस होत नाही. एक ओळ बदलली तरी पाच-पाच वेळा तपासते, वर्गातली मुलं पुढं निघून जातात. समोर ओट्यावर नामदेवआजोबा बसले होते. लहानपणापासून ते तिला म्हणत आलेत, बापासारखी लाईन तोडू नको, पोरी. प्रेमानंच म्हणतात.

"बाबा एवढे हुशार होते, काका. त्यांच्या हातून असं झालं तर माझं काय?" ती म्हणाली. "तुम्ही तिथं होते. नेमकी काय चूक झाली होती त्यांची? ते कधीच सांगत नव्हते. जुनी गोष्ट आहे म्हणत."

आणि मी... मी म्हटलं, "लहानशी होती गं. कुणाच्याही हातून होते तशी."

तिनं मान हलवली. तिला त्यातून जे हवं होतं ते मिळालं नाही, हे मला दिसलं. मी पाणी मागितलं आणि उठलो.

तिथून आल्यावर मी माझी ती बावन्नची फाइल उघडली. डोक्यावरची वगळण्याची ओळ काढून टाकली आणि प्रभाकरनं सांगितलेल्या रीतीनं कामाला लागलो. आधी ती आज काय करते ते लिहायचं, मग एक फांदी, मग पुन्हा सगळं चालवून बघायचं. तीन आठवडे झाले, सतरापर्यंत आलोय. त्याला पंधरा दिवस का हवे होते ते मला आता कळतं. एकेका अटीपाशी थांबून ही कशासाठी असेल असं विचारताना मला त्याचा आवाज ऐकू येतो. हे असंच काऊन? ते तसं काऊन नाई? ऑफिसातली नवी मुलं विचारतात, चालू आहे ते कशाला उकरता? त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

हा लेख रविवारी छापून येईल. महिना संपायला त्यानंतर तीन दिवस उरतील. समीक्षानं हे पेपरात वाचण्याआधी मी तिच्या घरी जाऊन तिला तोंडानं सांगायला हवं, नामदेवकाकांना ओट्यावर बसवून, त्यांच्या देखत: ती ओळ मी बदलली, तुझ्या बाबांच्या खुर्चीत बसून, त्यांना दिलेला शब्द मोडून, त्यांनी ती फक्त दुरुस्त केली, आणि सात वर्षं मला सांभाळून घेतलं. एवढं मी त्या मुलीचं देणं लागतो. आज गुरुवार आहे. मी अजून गेलेलो नाही.